थोडा वेय

सातपूरच्या या खोलीत
सहा हजारांचा माईक आहे, अजून चार हप्ते बाकी,
खिळ्यांना टांगलेल्या दोन गोधड्या आवाज घुमू नये म्हणून,
आणि समोर एक खुर्ची.

पहिल्या रविवारी घड्याळवाले सोनजेकाका येणार होते.
ऐन वेळेला त्यांचा फोन :
आमचं काय ऐकायचं बाई,
ते मोठ्या लोकांचं असतं.
दुसऱ्या रविवारी शनिवारची गेलेली वीज आली नाही.
तिसऱ्या रविवारी जनाबाई आल्या,
सिव्हिलमध्ये तीस वर्षं नवजात बाळं वजनकाट्यावर ठेवणाऱ्या.
पन्नास मिनिटं बोलल्या. रडल्या. दोन कप चहा घेतला.
त्यांना रिक्षापर्यंत सोडून वर आले
तर लाल दिवा लागलेलाच नव्हता.
मी बटणच दाबलं नव्हतं.

त्या फोन करतात : कधी लागणार हो?
लागेल, म्हणते मी.

हे मला जमणारं नाही हे मला जुनंच ठाऊक आहे.
अकरा वर्षांपूर्वी कॉलेज रोडवरच्या केबलवाल्यानं
बातम्यांचा कागद माझ्या हातून परत घेतला होता.
आवाज छान आहे. तो ‘ळ’ तेवढा...
वाक्य त्यानं पुरं केलं नाही.
ते मीच करत बसले, अकरा वर्षं.
केळी बोट दाखवून मागितली, ही द्या.
पोराच्या शाळेला विद्यालय म्हटलं.
डोळे, कपाळ, आभाळ
सगळे दातांच्या उंबऱ्यापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे.
आई गावाकडून फोनवर ओरडायची :
बोल ना मंग, कोन धरी ऱ्हायना तुनं तोंड?
कोणी नाही, आई.
मीच.

चौथ्या रविवारी मथुराबाई गांगुर्डे आल्या,
नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
गोधड्यांकडे बघून म्हणाल्या, वाळत घातल्या का?
मग पदर सावरून :
प्रेसचं काही विचारायचं नाही हं. तेवढं सोडून विचार.

माझ्या कागदावर एकोणीस प्रश्न होते,
त्यातले सतरा प्रेसचे.

लाल दिवा चार वेळा तपासलेला.
तो लागलेला, आणि खोलीत नुसता पंखा.
शेजारच्यांचा मिक्सर सुरू झाला, चटणी झाली, बंद झाला.
कागद मी मांडीखाली सारला
आणि तोंडातून गेलं ते गेलंच :
मावशी, नोकरी संपल्यावर
पहिल्या सकायी काय केलं?

सकायी.
कान तापले माझे.
त्यांनी मान वर केली. कुठली गं तू? सटाण्याकडची?
हो. बागलाण.
मंग आधी का नाही सांगितलं, म्हणत त्या खुर्चीत मागे रेलल्या,
पहिल्यांदाच.

पहाटे पाचला उठले, म्हणाल्या. डबा भरला. स्टॉपवर गेले.
बस आली. कंडक्टर ओळखीचा, थांबला माझ्यासाठी.
मी हातानंच जा म्हटलं.
मग तिथंच बाकावर बसून डबा खाल्ला.
नऊसुद्धा वाजले नव्हते. भूक नव्हती.
मेथीची भाजी होती.

रात्री हेडफोन लावून ऐकलं.
‘सकायी’ जेमतेम अर्ध्या सेकंदाचा.
कापला असता तर कुणाला कळलंही नसतं.
बोट बराच वेळ तिथंच.
शेवटी मिक्सर कापला, सकायी ठेवली,
आणि कार्यक्रमाला नाव हवं होतं, ते टाइप केलं :
थोडा वेय.

पहिल्या दिवशी सात जणांनी ऐकलं. त्यात दोनदा मी.

मग जनाबाईंना फोन लावला आणि खरं ते सांगितलं.
पलीकडे इतकी शांतता
की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता आल्या. दोन.
मग म्हणाल्या,
रडणं काही परत तसंच येणार नाही गं.
नाही येणार, मी म्हटलं.
बरं. येते रविवारी.
चहात साखर कमी टाक,
आणि आधी मला तो लाल दिवा दाखव.