बारा जणांचा संच

चांदीचा संच, बारा जणांचा.
हेडविगच्या लग्नात ग्लोगाऊच्या मावशीनं दिलेला,
दर दांड्यावर टिशाउअरांचं पहिलं अक्षर.

शुक्रवारी बारा पानं मांडली जायची.
तेहतीसच्या एप्रिलात अकरा:
दंतवैद्य रीडेलना एकाएकी पथ्य लागलं.
सालोची कोर्टातली खुर्ची तेवढी टिकली,
व्हर्दूंचा लोखंडी क्रूस होता ना,
त्याच्या व्याजावर दोन वर्षं निघाली.
मग मुद्दलही बुडालं.
त्या हिवाळ्यात सात काटे
कपाटाबाहेर आलेच नाहीत.

जिन्यात कुलिशबाई
किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत नमस्कार करायच्या.
पुढे नुसत्याच किल्ल्यांकडे बघू लागल्या.

तलावावर पाटी लागली त्या दिवशी
लोथार ओला टॉवेल घेऊन परत आला.
ओला कसा, कुणी विचारलं नाही.
एकोणचाळीसच्या जानेवारीत तो शांघायला गेला,
खिशात दहा मार्क,
आणि आईनं चार वेळा घडी केलेले सदरे.

कायदा चमच्यांपर्यंत पोचला
तेव्हा जेवायला माणसं उरली होती दोन.

गहाणखात्यात रांग. कारकून तसा सभ्य.
‘माणशी एक सुरी, एक काटा,
एक मोठा चमचा, एक लहान. तेवढं ठेवा.’
‘मुलगा आहे.’
‘इथे?’
ती गप्प.
मग काट्यावर ते सगळं, मुठीमुठीनं,
भाव वजनावर, वर दहा टक्के कटाई.
शेवटी लोथारचा पेजेचा चमचा,
दुधाच्या दातांनी कडेला चावलेला.
अकरा ग्रॅम.
दातांचे खळगे वजा धरले नाहीत,
जमाही नाहीत.

पावतीवर नाव: हेडविग सारा टिशाउअर.
मधलं तिचं नव्हे,
नवीन वर्षाची सरकारी भेट.
ब्रेस्लाऊभर त्या महिन्यात
सगळ्या बायका सारा झाल्या होत्या,
एका हाकेला साऱ्या वळतील अशा.

रात्री तिनं पानं मांडली.
सालोला नोव्हेंबरात नेलं होतं, डिसेंबरात परत सोडलं,
डोकं भादरलेलं, उजव्या हाताची बोटं
थंडीनं काळी पडलेली.
काटा धरता येत नाही त्याला, चमच्यावरच भागतं.
म्हणून त्याचा काटा तिनं उचलला
आणि तिसऱ्या खुर्चीपुढे ठेवला.
नियमात बसत होतं.
मोजून बघितलं तिनं, दोनदा.

सालो म्हणाला,
सूप निवतंय.