प्रत्येकी दोन गुण

रायबंदरच्या धक्क्यावर मांडीवर पेटी घेऊन बसले आहे.
वय त्रेपन्न, परीक्षा प्रारंभिक.
बाकीचे परीक्षार्थी सातवी-आठवीतले,
त्यांना व्याख्या घडाघडा येतात.

नाद : नियमित व स्थिर आंदोलनांनी
उत्पन्न होणारा मधुर ध्वनी.
फेरीबोटीचं इंजिन नियमित आहे, स्थिरही आहे,
मधुर म्हणायला जीभ रेटत नाही.
माझं पाठांतर इथेच बुडतं.

पेटीची काळी चार मुकी झाली आहे.
बाकी सगळ्या पट्ट्या बोलतात,
नेमका माझा षड्जच नाही.
षड्ज : उरलेल्या सहांना जन्म देतो तो.
(एवढी एक मला न चुकता येते.)

चोडणला कायतान पेट्या दुरुस्त करतो.
तरुणपणी इगर्जीत व्हायोलिन वाजवायचा,
आता डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत.
त्यानं स्क्रू काढले, पट्टी उचलली,
पितळी सुराखालून चिमट्यानं
उकड्या तांदळाचा एक दाणा बाहेर काढला
आणि माझ्या तळहातावर ठेवला,
डॉक्टर मुतखडा दाखवतात तसा.

सत्तावीस वर्षं पेटी होती तांदळाच्या पिंपावर.
कुणी ठेवली म्हणाल तर मीच.
कुणी नको म्हटलं होतं, असंही नाही.

त्याची वही उघडी होती, पाच रेघांची.
एका रेघेला लटकलेला काळा तुकडा दाखवून विचारलं,
हा कुठला स्वर?
"स्वर न्हय, पावझ.
पावझ म्हळ्यार ओगी रावप न्हय, बाये,
मेजीत रावप."

गप्प राहायचं, पण मोजत.
आमच्याकडे खाली म्हणतात.
टाळी नाही, हात उलटा,
पण मात्रा चालूच.
मी मोजत होते का?
वाटाण्याची उसळ, मुलांच्या फिया,
सासऱ्यांचं इन्सुलिन,
ह्यांत नववी मात्रा कधी येऊन गेली कुणाला ठाऊक.

दीडशे रुपये घेतले त्यानं.
काळी चार दाबली तर बाहेरचं कुत्रं उठून बसलं.

फोंड्याला पेपर झाला.
षड्जाची व्याख्या पुस्तकातली लिहिली, दोन गुण.
खालीपाशी मात्र कायतानचं वाक्य
मराठी करून लिहून आले.
अर्धा गुण,
आणि शेजारी तांबड्या शाईचं प्रश्नचिन्ह,
मींड घेतल्यासारखं
खालपर्यंत ओढलेलं.