पान तेविसावरची तळटीप

हॅलिफॅक्सच्या या घराच्या पोटात
कोळशाची कोठी होती कधीतरी.
आता तिथं वॉशिंग मशीन, मोडकी सायकल, रंगाचे डबे,
आणि इस्त्रीच्या टेबलावर उताणा मदरबोर्ड.
चष्मा कपाळावर चढवून
मी त्याची दारं मोजतोय.

सहा सॅटा. दोन एम-टू.
म्हणजे आठ, असं खोक्यावर छापलंय.
खोक्यावर काय, लग्नपत्रिकेतही सगळं शुभच असतं.
खरं ते मॅन्युअलच्या तेविसाव्या पानावर,
मुंगीच्या अक्षरात :
दुसरी एम-टू खाच भरलीत
तर पाचवं आणि सहावं दार बंद.

का, ते नाही लिहिलं.
आत वाट एकच असणार,
आणि नावं दोघांची लावून ठेवलेली.

निनाद ॲबर्डीनहून सांगतो, बाबा, वेग घ्या.
फिरत्या तबकड्या आता कोण वापरतं?
पलीकडच्या घरातला डेरेक ॲकरॉइड
जगातल्या सगळ्यांना ‘लव्ह’ म्हणतो, मलाही.
तो म्हणतो, लीड्सला एक ऑफिस बंद पडलंय, लव्ह,
त्यांचं जुनं कार्ड घे, आठ दारं वाढतील.
वाढतील. पण ते कार्ड
नुसतं बसून दहा वॅट खातं,
आणि जिन्याखालचा मीटर
सासऱ्यासारखा बघत असतो.

वासंती काहीच म्हणत नाही.
खरं तर सगळा पसारा तिचाच,
चार टेराबाइट दगडफूल.
गोड्या मसाल्यात जातं ते नव्हे,
त्याची इकडची चुलत भावंडं :
राखाडी, शेवाळी, काही हळद सांडल्यासारखी,
टेकडीवरच्या दफनभूमीत
नावांवर आणि तारखांवर हळूहळू पसरणारी.
दर चौदा ऑक्टोबरला तेच एकतीस दगड,
तीच उंची, शेजारी पोलादी पट्टी.
बारा वर्षं.

अकरा.
सोळा साल एकाच डिस्कवर होतं,
आणि ती डिस्क मी आणली होती, स्वस्तात.
तीन दिवस ती आतून टकटक करत राहिली
आणि मी म्हणत राहिलो, होईल ठीक.
वासंती तेव्हाही काही बोलली नाही.
आलेखात पंधरा आणि सतराच्या मधे
तिनं तुटक रेघ ओढली,
पट्टी लावून, अगदी सरळ.

तेव्हापासून मी ताकही फुंकून पितो.

ती खाली आली, हातात दोन कप.
मी म्हटलं, बघ, दगडफुलात बुरशी आणि शैवाल
एकाच अंगात नांदतात,
आणि या बोर्डाला दोन दारं सांभाळता येत नाहीत.
ती म्हणाली, प्रत्येक गोष्टीची उपमा नको करूस.
चहा घे. आणि ते शैवाल
बुरशीच्या तावडीत आहे असंही काहीजण म्हणतात.

मग सहज विचारलं मी, वाढतं किती ते वर्षाला?
एक मिलिमीटर, म्हणाली.
चांगलं वर्ष असेल तर.

सेकंदाला तीन हजार मेगाबाइट,
कुणासाठी?

पहिल्या खाचेत छोटी चिप, फक्त मशीन उठवायला.
दुसरी रिकामी.
तिचा तीळभर स्क्रू पुडीतच राहू दिला.
सहा दारांना सहा डिस्क,
दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येक दगड दोनदा.
लाल केबली कमी पडल्या, एक निळी लावली.
निनादला कळवलं. त्यानं अंगठा पाठवला,
वर की खाली, चष्म्याशिवाय नीट दिसलं नाही.

रात्री तळघरातून घरघर येत होती.
वासंती म्हणाली, हे असंच चालणार का रोज?
मी म्हटलं, हो.
बरं, म्हणाली, आणि कूस बदलली.

परवा चौदा तारीख.
पाऊस आडवा येत होता, वाऱ्याबरोबर.
मी गुडघ्यावर बसून पट्टी धरली,
तिनं लेन्स पुसली तीनदा.
मागच्या वर्षीपेक्षा पुढं सरकलंय का, विचारलं,
तर म्हणाली, हलू नकोस.
पट्टीवर माझं नख दिसत होतं,
त्याच्या काळ्या कडेएवढं असेल,
किंवा नसेल.