सहाशे एक्केचाळीस

ऐरोलीत, खाडीकडच्या बागेत,
घसरगुंडीच्या पलीकडे, ओपन जिमच्या अलीकडे
एक टी-पंचावन्न उभा आहे.
महापालिकेने त्याला बाकांचाच हिरवा दिलाय,
झाकणं वेल्डिंग करून बंद,
आणि पाटीवर लिहिलंय : विजयंता.

मी त्याच दिवशी वॉर्ड ऑफिसात गेलो.
म्हटलं, साहेब, चाकं मोजा. विजयंताला सहा, याला पाच.
आणि पहिल्या-दुसऱ्यात ही एवढी फट,
ती बघून आम्ही दोन मैलांवरून ओळखायचो.
साहेब म्हणाले, तोफ आहे ना पुढे?
मग झालं.

झालं कसं?
केणींना विचारा. एअरफोर्सचे, नॅटवर फिटर होते.
घरी शोकेसमध्ये वीतभर विमानं,
हंटर, कॅनबेरा, एक डकोटा,
प्रत्येकाच्या शेपटीवरचा नंबर
भिंग लावून, तीन केसांच्या ब्रशने काढलेला.
आणि एक वही :
कुठलं विमान कुठल्या साली कुठे पडलं.
पायलट वाचला असेल तर हिरव्या शाईत.
वहिनी म्हणतात, नातवाचा वाढदिवस मात्र
मलाच सांगावा लागतो.

सकाळी आम्ही टँकसमोरच्या बाकावर बसतो.
वरून नव्या विमानतळाचं काहीतरी जातं,
केणी मान वर करत नाहीत.
एअरबस, म्हणतात. नावातच बस.

मी चालवायचो.
दोन दांडे, दोन काचा, बाकी सगळी धूळ.
थंडीत बॅटरी बसली की हवेच्या बाटलीवर स्टार्ट,
इंजिन आधी खाकरायचं, म्हाताऱ्यासारखं,
मग एकदम सगळ्या हाडांतून सुरू व्हायचं,
त्याच्या की माझ्या, कळायचं नाही.
अजून लिफ्ट थांबताना माझे दोन्ही हात मागे ओढले जातात.

बलबीर लोडर.
जेवायचा उजव्याने, गोळा भरायचा डाव्याने,
टँकची रचनाच तशी, त्याला कोण काय करणार.
महाजनच्या रेंजवर, रात्रीच्या फायरिंगला,
तोफ मागे आली तेव्हा त्याचा हात तिथे होता.
हेडफोनमध्ये ओरडणं नाही आलं.
उस्ताद, गाडी रोक लो.
एवढंच.
गाडी तर उभीच होती.

गेल्या आठवड्यात दिघ्याचा इम्तियाज आला,
कंत्राटी पेंटर, विशीतला, शिडी आणि दोन डबे.
काका, नंबर पुसलाय. काय टाकू?
खरवडल्या जागी जुने आकडे दिसत होते,
सात, आणि बहुतेक तीन.
मला दिसत होते. चष्म्याशिवाय.
मी म्हटलं, सहाशे एक्केचाळीस.

आमचा सहाशे एक्केचाळीस कधीच भंगारात गेला.
वितळून सळ्या झाल्या असतील त्याच्या,
असतील कुणाच्या स्लॅबमध्ये.
माझ्याच असतील.

दुसऱ्या दिवशी केणी आले.
चष्मा पुसला. नंबर वाचला. परत पुसला.
रंगाची एक छटा चुकली म्हणून
ज्यांनी साडूशी दोन वर्षं बोलणं टाकलं, ते केणी.
माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी.
म्हणाले, रंग बरा बसलाय.
वही खिशातच राहिली.

बलबीरला फोटो पाठवला. तो बटाल्याला असतो,
ट्रॅक्टर चालवतो, उरलेल्या तीन बोटांनी.
रात्री उशिरा उत्तर आलं :
उस्ताद, ये अपनी नहीं.
अपनी के बाएं मडगार्ड पे डेंट था.
आपने ही मारा था.

खरंच की.
जोधपूरच्या रेल्वे रॅम्पवर. विसरलोच होतो.

आज सकाळी हातोडी पिशवीत घालून निघालो,
वर कोथिंबिरीची जुनी जुडी टाकली.
गेटवर वॉचमन म्हणाला, काका, भाजी घेऊन बाहेर?
केणी कोपऱ्यावर उभे होते,
त्यांच्याही हातात पिशवी.