पान एकशे ब्याण्णव, समासात

तुमच्या कादंबरीतली मुलगी सतराची,
माझ्याच वयाची.
खिडकीत बसून असते. पांढरा पडदा, मोठे डोळे.
आजारी पडल्यापासून तिला सुंदर बोलता येतं.

मलाही येत होतं हो बोलता,
थांबता येत नव्हतं.
साखर पेठेत भर दुपारी मी दुकानदाराला
चादरीवरच्या मोरांची नावं सांगत होते, एकेकाचं,
आणि वडील माझ्या चपला हातात घेऊन
मागे उभे होते.

तुमच्या मुलीला गिटारवाला मुलगा भेटतो.
या पानावर तो तिचा हात धरतो
आणि ती गोळ्या बेसिनमध्ये ओतते.
ओळीखाली कुणीतरी आधीच रेघ मारलीय,
निळ्या बॉलपेनने, आणि तिरक्या अक्षरात लिहिलंय :
मग?

मी पेन्सिलीने लिहिते, खोडता येईल असं.
मग काही नाही.
मग ठरावीक दिवसांनी रक्त.
सिव्हिलची रांग, घडीवर फाटलेला केसपेपर.
मग नऊ किलो वजन, आईने उसवलेल्या ड्रेसच्या बाजू.
मग तहान.
या गोळीने तहान लागते
आणि आमच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी येतो.
डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्यात पाणी कमी पडू द्यायचं नाही.
डॉक्टर पुण्याचे आहेत.

आई दिवसाला हजार विड्या वळते.
आठशेवर आली की सूप बाजूला सारून विचारते,
तिन्नावा? जेवलीस का?
गोळी जेवणानंतरची, म्हणून.
बरं वाटतंय का, असं तिने कधी विचारलं नाही.
तेलुगूत त्याला शब्द असेलच,
आमच्या घरापर्यंत आला नाही.

शेवटी तुम्ही तिला गच्चीवर नेलंत.
ते पान उलटायच्या आधी मी पुस्तक
दोन दिवस पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं होतं.
उडी मारू दिली नाहीत, चांगलं केलंत.
पण बरी केलीत ती एका पहाटेत. पाखरं वगैरे.

काल पहाटे तीनला मी जागी होते.
वडील दचकून उठले, दिवा लावला,
माझ्या डोळ्यांत नीट बघितलं.
आजार नव्हता.
नळ आला होता.
घागरी, बादल्या, कुकरसुद्धा भरला,
आणि उभ्यानेच दोन तांबे प्याले.
हात थरथरतो, थोडं सांडलं.

निळं पेन, तू कोण ते मला माहीत नाही.
गुरुवारी, तीन नंबरची खिडकी.
मी साडेसातलाच येते,
लिंबाखालची जागा मिळते.