पावावर पिवळी बोटं

कच्चं केळं आदल्या रात्री उकडून ठेवू नये.
काळं पडतं,
आणि चवीला ओल्या भिंतीसारखं लागतं.
म्हणून सकाळी सहाला, नळाला पाणी असेतोवर
केळ्यांना एक शिट्टी,
तोवर कोथिंबीर, मिरची, लिंबू, मीठ.
आमच्यात बटाटा नाही, कांदा नाही,
जमिनीखालचं काही म्हणता काही नाही.
आणि मी मात्र सांगलीच्या मार्केट यार्डात
पारिसा आवटींच्या पेढीवर
दिवसभर जमिनीखालचंच लिहिते:
राजापुरी, हळकुंड, गठ्ठा, कणी,
पोती इतकी, भाव इतका,
हमाली, तोलाई वजा.

ब्रेडला आत्याबाईंचा विरोध आहे.
"कुणी मळलं, कधी मळलं,
त्या पिठाला तरी आठवतंय का?"
त्या शिवत नाहीत.
पण तवा तापला की लांबूनच सांगतात,
"तूप कडेपर्यंत लाव गं.
नुसतं मधेच चोपडतीस."

एका फोडीला चटणी, दुसरीला केळं कुस्करून,
जिरं, चिमूट आमचूर.
मधे काकडी. तिला मीठ लावायचं नाही.
मीठ लागलं की ती रडायला बसते
आणि अकरा वाजेपर्यंत सगळं घर भिजवते.
हे मला कुणी शिकवलं नाही,
दोन ओले डबे खाऊन शिकले.
टोमॅटो तर मी सोडूनच दिला.

कापते तिरकं.
सरळ कापलं की खतावणीचं पान वाटतं.
तिरकं कापलं की
कुणाच्या तरी वाढदिवसाला आल्यासारखं.

आणि गरम गरम डब्यात कोंबायचं नाही.
झाकणाला घाम येतो, तोच परत पावावर गळतो.
दोन चमचे आडवे ठेवून त्यांच्यावर टेकवते,
माझी वेणी होईस्तोवर त्याला वारा खाऊ देते.
मग जुन्या उपरण्याचा तुकडा, मग डबा,
मग स्कूटीच्या हुकाला पिशवी.
शंभर फुटी रोडवर गतिरोधक किती
ते माझ्यापेक्षा माझ्या सँडविचला पाठ.

यार्डात हळद हवेतच असते.
शिंकेत, वेणीच्या पेडात,
कॅल्क्युलेटरच्या सातच्या बटणाखाली.
दोनदा साबण लावून, पदराला न पुसता,
जपून उचललं तरी
उमटतातच: एक अंगठा, दोन बोटं.
पिवळी, रेघ न् रेघ दिसावी अशी.
पाव कसला, पावतीच.

काल समोरच्या थप्पीवर शिदू तोलाईदार
फडकं मांडीवर पसरून जेवत होता.
"काय वो बाई, रोज त्रिकोणी काय खातायसा?"
"केळं."
"केळं? आन् तिखाट?"
अर्धं दिलं.
आधी उघडून बघितलं त्यानं,
नमुन्याला पोत्याचं तोंड उसवावं तसं,
वास घेतला,
मग दोन घासांत संपवलं.
बोलला काहीच नाही.
चतकोर भाकरीवर खरडा ठेवला, पुढं केली,
आणि आपणच हात मागं घेतला.
"तुमच्यात लसूण चालत न्हाई न्हवं?"
दुसरा चतकोर मोडला, कोरडा,
वर मीठ भुरभुरलं
आणि माझ्या डब्याच्या झाकणात ठेवला.
त्याच्याही बोटांचे ठसे होते भाकरीवर.
माझ्यापेक्षा दाट.

दिवस मावळायच्या आत जेवायचं
म्हणून सहाला घरी.
आत्याबाईंनी पिशवीतून फडकं काढलं,
उजेडात धरलं.
कितीदा धुतलं, उन्हात टाकलं,
ते आता पांढरं होत नाही.
"आज आवक लई दिसतीय," म्हणाल्या.
मग थोड्या वेळानं, माझ्याकडं न बघता,
"कडा?"
"कुरकुरीत होत्या."
"मग," म्हणाल्या,
आणि फडकं बादलीत टाकलं.

भाकरीचं मी सांगितलं नाही.