दोन बोटं

सकाळी साडेआठला मिसेस कोर्पेला काठी आपटतात: प्लिए.
पाठ सरळ, मान लांब, हनुवटी अशी
जणू कुणी दार वाजवलंय आणि उघडायचं नाहीये.
वेंडेल पियानोवर चर्चमधलं गाणं इतकं सावकाश वाजवतो
की देवालाही ओळखू येऊ नये.
खिडकीबाहेर सरोवर. आम्ही डुलूथची माणसं त्याला नुसतं तळं म्हणतो,
पलीकडचा काठ दिसत नाही तरी.
मार्च निम्मा सरला, बर्फ हटून बसलाय,
आणि बाबा धक्क्यावर वर्षातल्या पहिल्या जहाजाची वाट बघतायत.

दुपारी त्याच खोलीत डेझमंड अनवाणी येतो.
सकाळभर जे उचललंत
ते सगळं खाली ठेवा, म्हणतो.
मला म्हणाला, "तू पडत नाहीस,
पडू का म्हणून विचारतेस."
मी पुन्हा पडले. कोपर सोललं.
"हं. या वेळी विचारलं नाहीस."

मी बदली नर्तकी.
हीटरच्या पाइपाला खेटून, आरसा संपतो तिथे,
पाकू शाँगचा भाग शिकले मी,
तिच्या मागे, अर्धा श्वास उशिरा,
शेजाऱ्यांच्या घराची किल्ली सांभाळावी तसा.

मग तिच्या पंज्यातल्या हाडाला चीर गेली.
केसाएवढी, डॉक्टर म्हणाले.
खोटं कशाला बोलू,
मला आधी आनंद झाला, मग वाईट वाटलं.
हा क्रम मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

नाचात एक जागा आहे: संगीत थांबतं,
आठजण एका ओळीत, डोळे समोर,
आणि मागच्याचा तळवा पुढच्याच्या खांद्यावर पडतो,
एकामागून एक, न बघता, न मोजता.
माझ्यामागे कियॉन.
त्याचा हात यायचा, हवेत थांबायचा
माझ्या खांद्याच्या वर दोन बोटं,
जिथे पाकूचा खांदा असायचा.
मग खाली उतरायचा.
तेवढ्यात लाट फुटायची.
बिर्गिट म्हणायची, पुन्हा.
लूपे काही म्हणायची नाही, ते जास्त लागायचं.

स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात ना,
माझा बरोबर तेवढाच उरला होता.
मी टाचा उचलून बघितल्या.
डेझमंडला पाठमोऱ्यानेही कळलं.
"खाली ये," म्हणाला. "त्यांना शोधू दे तुला."

शेवटच्या आठवड्यात पाकू आली,
पायात प्लास्टिकचा बूट, काखेत कुबड्या.
जमिनीवर बसून दाताने टेप तोडत
माझी टाच बांधून दिली.
धीर वगैरे दिला नाही.
एवढंच म्हणाली, "श्वासाबिसाचं ते सगळं खोटं आहे.
कियॉनचा डावा गुडघा वाजतो, हात टाकायच्या आधी.
मी चार महिने त्यावरच नाचले."

त्या रात्री अंधारात आठजण उभे.
संगीत थांबलं. कुणीतरी खोकलं.
आणि मग, हो, सुकी काडी मोडावी तसा
तो गुडघा.
मी खांदा सैल सोडला.
हात आला. थांबला नाही.
घामट, जड, माझ्याच खांद्यावर,
आणि माझा हात केव्हा बिर्गिटकडे गेला
मला आठवत नाही.

बाबा तिसऱ्या रांगेत, पाकूच्या शेजारी.
त्यांना नाचातलं काही कळत नाही;
लोखंडाची माती जहाजात किती भरली
हे पाण्याच्या रेषेवरून सांगतात ते.
घरी जाताना गाडीत म्हणाले,
"ते गाणं बंद पडलं ना मध्येच,
तेव्हा ती पोरगी
बसल्या जागी दोन बोटं उंच झाली."